फॉन्टचे नाव कुठे लिहिलेले असते?



साहित्याच्या व्याख्यानमालेत कोणी संगणकाच्या फायलींवर बोलायला उभा राहिला, तर ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडणे साहजिक आहे. माझ्याही पडली असती. पण गेल्या वर्षी आपल्याच कार्यालयातल्या कपाटातून एक खोके निघाले आणि मी या विषयात ओढला गेलो. त्या खोक्यात साहित्यच होते. फक्त ते कोणालाच वाचता येत नव्हते.

खोक्यात एकवीस फ्लॉपी आणि सहा सीडी होत्या. १९९६ ते २००४ या वर्षांत आपल्या मालेत झालेल्या भाषणांचा टाइप केलेला मजकूर त्यांत होता. पैकी एक भाषण १९९८ सालचे, एका जुन्या घराण्याच्या दप्तरातल्या मोडी हिशेबांवरचे. वक्ते आता हयात नाहीत. त्यांच्या घरी छापील पुस्तकाची एकच प्रत उरली आहे आणि तिचा शेवटचा फर्मा कसरीने खाल्ला आहे. आपल्या ग्रंथालयातली प्रत कोणीतरी वाचायला नेली, ती परत आलेली नाही. नेणारे सभागृहात असतील तर त्यांनी संकोच करू नये. वक्त्यांची मुलगी वडिलांचे लेख एकत्र छापते आहे. लहानपणापासून ओळखीची असल्याने ती सरळ मला म्हणाली, "काका, फाईल आहे ना? मग उघडा की."

फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होता. स्वल्पविराम, चौकटी कंस, मधूनच एखादे कॅपिटल अक्षर. आपल्या आजोबांची मोडी पत्रे आपल्याला वाचता येत नाहीत, हे दुःख आपण दोन पिढ्या करीत आलो आहोत. इथे पंचवीस वर्षांपूर्वीची, आपल्याच भाषेतली, आपल्यासमोर झालेली व्याख्याने त्याच गतीला गेली होती.

असे का होते, हे आधी थोडक्यात सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ घरे असत आणि ती मुळात इंग्रजीसाठी आखलेली होती. आपल्याकडच्या कंपन्यांनी त्या घरांतली इंग्रजी अक्षरे काढून तिथे देवनागरीचे तुकडे बसवले: काना, वेलांटी, अर्धा स, रफार. आकडा तोच राहिला, चित्र बदलले. कृतिदेव ०१० हा फॉन्ट इथे मध्य प्रदेशात हिंदी टाइप करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत बसलेला आहे. त्यात 'मराठी' लिहिले की फाईलमध्ये प्रत्यक्षात काय साठते? छोटा ई, जे, के, मोठा बी आणि एच. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट जागेवर असेपर्यंत आपल्याला 'मराठी' दिसते. फॉन्ट काढला की पाच इंग्रजी अक्षरे उरतात.

खरी अडचण अशी की प्रत्येक कंपनीने आपापले तुकडे आपापल्या घरांत बसवले. एकाच्या घरात म, तर दुसऱ्याच्या त्याच घरात अनुस्वार. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले. पण सर्वसामान्य घरातल्या संगणकापर्यंत ते पोहोचायला विंडोज २००० आणि त्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट यावा लागला. तो सिद्ध करणारे र. कृ. जोशी कवीही होते, हे या व्यासपीठावरून सांगताना मला बरे वाटते. मधल्या दहा वर्षांत, आणि खरे तर त्यानंतरही बरीच वर्षे, आपण जे जे टाइप केले ते कोणत्या ना कोणत्या फॉन्टच्या खाजगी सांकेतिक लिपीत आहे. ती लिपी उलगडण्याची किल्ली एकच: तो फॉन्ट कोणता. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम आज मिळतात, पण त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

वर्डची फाईल असती तर काम सोपे होते. वर्ड मजकुराबरोबर फॉन्टचे नाव लिहून ठेवते. फॉन्ट यंत्रावर नसला तरी वरच्या चौकटीत ते नाव दिसत राहते. आमच्या फायली मात्र पाने लावण्याच्या प्रोग्रॅममध्ये ओतण्यासाठी काढलेला नुसता मजकूर होत्या. नाव नाही, गाव नाही. फक्त फ्लॉपींवर मजकुराच्या शेजारी चौदा फॉन्ट फायली पडलेल्या होत्या. काम करणाऱ्या ऑपरेटरने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाताना त्या सोबत नेल्या असाव्यात. देव त्याचे भले करो.

फॉन्ट फायली मिळाल्या म्हणजे नावे मिळाली, असे मलाही क्षणभर वाटले. पण फाईलचे नाव आणि फॉन्टचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉसच्या काळात फाईलच्या नावाला आठ अक्षरे आणि टिंबानंतर तीन, एवढीच जागा असे. म्हणून कृतिदेव ०१० ची फाईल 'के०१०' अशी असायची. शिवाय फाईलचे नाव कोणीही केव्हाही बदलू शकतो. आमच्या चौदांपैकी तीन फायलींची नावे अनुक्रमे 'न्यू', 'मराठी' आणि 'भाषण' अशी होती. घरात बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ असते. घरच्या बाईला ते ठाऊक असते, पाहुण्याने डब्यावरून ठरवले तर फसतो. इथे आम्ही पंचवीस वर्षांनी आलेले पाहुणे होतो.

विंडोजही डब्यावरचे नाव विचारात घेत नाही. एकच फाईल दोन वेगळ्या नावांनी ठेवली तरी तो म्हणतो, हा फॉन्ट आधीच बसवलेला आहे, बदलू का? म्हणजे खरे नाव आत कुठेतरी आहे. ते कुठे आहे आणि प्रोग्रॅमने ते कसे वाचायचे, हा आजचा विषय.

ट्रूटाइप ही फॉन्टची रचना अ‍ॅपलने १९९१ मध्ये बाजारात आणली. १९९२ मध्ये विंडोज ३.१ ने ती घेतली. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी मिळून तिचेच ओपनटाइप केले. मूळ आराखडा आजही तोच आहे, ही फार सोयीची गोष्ट. १९९५ ची फाईल आणि कालची फाईल एकाच पद्धतीने उघडता येते.

ट्रूटाइप फाईल म्हणजे अनेक तक्त्यांचे एक बाड असते. एका तक्त्यात अक्षरांच्या आकृत्या, एकात त्यांची रुंदी, एकात कोणत्या आकड्याला कोणती आकृती याची यादी, आणि एकात नावे. बाडाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका. पहिले चार बाइट फाईलची जात सांगतात: शून्य, एक, शून्य, शून्य असे आकडे आले की ट्रूटाइप, 'ओटीटीओ' ही चार अक्षरे आली की अडोबीच्या पद्धतीच्या आकृत्या असलेला ओपनटाइप. 'टीटीसीएफ' आले तर एका फाईलमध्ये अनेक फॉन्ट बांधलेले आहेत असे समजावे आणि प्रत्येकाची अनुक्रमणिका वेगळी वाचावी. पुढचे दोन बाइट तक्ते किती ते सांगतात. त्यापुढच्या सहा बाइटांशी आपल्याला कर्तव्य नाही. मग प्रत्येक तक्त्यासाठी सोळा बाइटांची एक ओळ: चार अक्षरी नाव, चार बाइटांची पडताळणीची बेरीज, तक्ता फाईलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होतो ते, आणि त्याची लांबी. आपल्याला हवा तो तक्ता 'नेम' या चार इंग्रजी अक्षरांचा. ओळी वर्णक्रमाने असतात, तेव्हा तो शेवटाकडे सापडतो.

इथेच नवशिक्याचा पहिला घात होतो. समजा तक्ते सतरा आहेत. ते दोन बाइटांत असे लिहिलेले असते: आधी शून्य, मग सतरा. मोठ्या स्थानाचा आकडा आधी. पण आपल्या टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर आकडे उलटे ठेवतो, लहान स्थान आधी. त्याला सांगितले की हे दोन बाइट घे आणि आकडा सांग, तर तो सतराऐवजी ४३५२ सांगतो, आणि प्रोग्रॅम साडेचार हजार तक्ते शोधत फाईलच्या बाहेर भटकतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागू नये. आपण पंचवीस लिहितो तेव्हा दोन आधी, पाच नंतर; म्हणतो तेव्हा पाच आधी, वीस नंतर. बेचाळीस, त्रेपन्न, चौसष्ट, सगळे तसेच. लिहिणाऱ्याचा आणि बोलणाऱ्याचा क्रम उलटा आहे हे माहीत असले की गोंधळ होत नाही. फॉन्टची फाईल लिहिण्याच्या क्रमाने चालते, आपला प्रोसेसर बोलण्याच्या.

आता नावांचा तक्ता. त्याच्या आरंभी दोन-दोन बाइटांचे तीन आकडे: आवृत्ती, नोंदी किती, आणि नावांची अक्षरे या तक्त्यात कुठून सुरू होतात. त्यापुढे बारा बाइटांची एकेक नोंद. तीत सहा आकडे असतात: कोणत्या जातीच्या यंत्रासाठी, कोणत्या लेखनपद्धतीत, कोणत्या भाषेत, कसले नाव, किती बाइट लांब, आणि अक्षरांच्या साठ्यात कुठे. नावाची अक्षरे नोंदीत नसतात, ती सगळी शेवटी एका ठिकाणी सलग ठेवलेली असतात. ग्रंथालयाच्या रजिस्टरात पुस्तक नसते, कपाट आणि खण असतो, तसेच.

उदाहरणाचे आकडे घेऊ. तक्ता फाईलच्या ५०,००० व्या बाइटला सुरू होतो, नोंदी १८. म्हणजे आरंभाचे ६ आणि नोंदींचे २१६ मिळून २२२ बाइटांनंतर अक्षरांचा साठा. एका नोंदीत लांबी २६ आणि जागा १२० असे आहे. तर नाव सापडेल ५०,००० अधिक २२२ अधिक १२०, म्हणजे ५०,३४२ व्या बाइटला. ही शेवटची जागा साठ्याच्या आरंभापासून मोजायची. फाईलच्या किंवा तक्त्याच्या आरंभापासून मोजली की भलत्याच ठिकाणची अक्षरे हाती येतात. मी स्वतः हे एकदा केले आणि फॉन्टच्या नावाऐवजी कॉपीराइटच्या वाक्याचे शेपूट वाचून बराच वेळ डोके खाजवत बसलो.

लांबी २६ का? 'कृतिदेव ०१०' हे नाव इंग्रजीत मोकळ्या जागा धरून तेरा अक्षरांचे होते. विंडोजसाठीच्या नोंदीत प्रत्येक अक्षराला दोन बाइट. तेरा दुणे सव्वीस. तेच नाव मॅकिंटॉशसाठीच्या नोंदीत एका अक्षराला एक बाइट, म्हणून १३. यातून दुसरा घात. विंडोजच्या नोंदीतले बाइट असे दिसतात: शून्य, ७५, शून्य, ११४, शून्य, ११७. इंग्रजी के, आर, यू. सी भाषेत लिहिलेला साधा प्रोग्रॅम शून्य दिसले की मजकूर संपला असे मानतो. पहिलाच बाइट शून्य! म्हणजे नाव सुरू होण्यापूर्वीच संपले आणि पडद्यावर रिकामी जागा. फॉन्टला नावच नाही असा समज करून घेऊन लोक फाईल फेकून देतात.

आता प्रश्न येतो की कसले नाव वाचायचे. कारण फॉन्टला एक नाव नसते. आपल्याकडे जसे पाळण्यातले नाव, घरातले नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव, तसे इथेही आहे आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. शून्य क्रमांकावर कॉपीराइट. एकवर कुळाचे नाव, दोनवर त्या कुळातला प्रकार, साधा की ठळक की तिरका. चारवर पूर्ण नाव, पाचवर आवृत्ती, सहावर छपाईच्या यंत्रांना लागणारे, मोकळी जागा नसलेले पोस्टस्क्रिप्ट नाव. आठवर बनवणारी संस्था, नऊवर अक्षरे रेखाटणाऱ्याचे नाव, तेरावर परवाना. नववी नोंद मला सर्वांत जवळची वाटते. खिळ्यांच्या जमान्यात अक्षर कोणी कोरले हे वाचकाला कधी कळत नसे. इथे निदान कारागिराची सही करायला जागा ठेवली आहे. आपल्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र ही जागा बहुधा रिकामी सापडते.

कुळाच्या नावालाही एक जुने बंधन चिकटले आहे. विंडोजच्या जुन्या पद्धतीत एका कुळात चारच भावंडे मावत: साधा, ठळक, तिरका, ठळक-तिरका. नावही ३१ अक्षरांपेक्षा लांब चालत नसे. मग एखाद्या फॉन्टला बारीक, मध्यम, अतिठळक अशी भावंडे झाली की त्यांना वेगळी कुळे मानावे लागे. म्हणून पुढे सोळा आणि सतरा या क्रमांकांवर खरे कूळ आणि खरा प्रकार लिहायची सोय झाली. शहाणा प्रोग्रॅम आधी सोळावी नोंद पाहतो. ती नसेल तरच पहिली.

भाषेच्या आकड्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. विंडोजच्या नोंदीत अमेरिकी इंग्रजीचा आकडा १०३३, हिंदीचा १०८१, कोकणीचा ११११ आणि मराठीचा ११०२. म्हणजे फॉन्टचे नाव इंग्रजीबरोबर मराठीतही, देवनागरीत लिहून ठेवायची व्यवस्था या तक्त्यात आहे. जपानी लोक ती वापरतात. त्यांच्या फॉन्टमध्ये जपानी लिपीतले नाव असते आणि जपानी विंडोजवर यादीत तेच दिसते. आपले फॉन्ट 'सुरेख', 'योगेश', 'मंगल', 'मोदक' अशी गोड मराठी नावे घेऊन जन्माला येतात आणि फाईलमध्ये बहुधा इंग्रजी स्पेलिंगने राहतात.

नावातले एखादे अक्षर किती मोलाचे असते याचा नमुना सी-डॅकच्या फॉन्टमध्ये दिसतो. 'डीव्ही-टीटीयोगेश' आणि 'डीव्हीबी-टीटीयोगेश' ही दोन नावे ऐकायला सारखी. डीव्ही म्हणजे देवनागरी, टीटी म्हणजे ट्रूटाइप. मधला बी म्हणजे द्विभाषी, इंग्रजी अक्षरेही सोबत असलेला. अक्षरांचे वळण एकच, पण इंग्रजीला जागा करून देण्यासाठी देवनागरीचे तुकडे दुसऱ्या घरांत हलवलेले. एका बीमुळे सगळा मजकूर बदलतो.

आता खोक्याकडे परत येतो. एकवीसपैकी सतरा फ्लॉपी वाचता आल्या. मी नावे वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि चौदा फायलींवर चालवला. खरे तर लिहायची गरज नव्हती. पायथन भाषेसाठी 'फॉन्टटूल्स' नावाचे तयार आणि मोफत साहित्य आहे. त्याची सुरुवात पायथनच्या जनकाचे बंधू यूस्त व्हान रॉसम यांनी केली, जे स्वतः अक्षरे रेखाटतात. त्याने तीन-चार ओळींत काम होते. पण हाताने केल्याशिवाय समाधान होत नाही, हा माझा जुना दोष आहे.

चौदांपैकी नऊ फायलींची नावे स्वच्छ आली. त्यांत चार फायली दोनच फॉन्टच्या जुळ्या प्रती निघाल्या. दोन फायली फ्लॉपीबरोबर खराब झाल्या होत्या. उरलेल्या तिघींत 'भाषण' नावाची फाईल होती आणि तिच्यापुढे माझ्या प्रोग्रॅमने रिकामी जागा दाखवली. मी तिला खराब समजून बाजूला ठेवले.

मग नऊपैकी कोणता, याचा शोध. आमच्याकडे छापील पुस्तकाची पहिली पाने होतीच, त्यांच्याशी ताडून पाहिले. एका जुन्या डीटीपी पॅकेजचा, चार अंकी क्रमांकाचा एक फॉन्ट लावला आणि मजकूर वाचता येऊ लागला. त्या नावाची तालिका वापरून सगळे भाषण युनिकोडमध्ये आणले आणि त्या मुलीला पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"काका, बाबा आयुष्यभर सांगायचे की त्या हिशेबांत पंगतीनंतर आचाऱ्यांना पागोटी दिल्याची नोंद आहे. ज्यांनी रांधले त्यांची नावे लिहून ठेवणारे दप्तर म्हणून त्यांना त्याचे कौतुक. आणि इथे तर सगळीकडे आचार्यांना पागोटी दिली आहेत!"

मी पाहिले. खरेच, शेवटच्या फर्म्याचा सगळा निष्कर्ष उलटला होता. स्वयंपाक्यांचा सन्मान विद्वानांच्या पदरात पडला होता. वाक्यरचना अचूक, शुद्धलेखन अचूक. बाहेरच्या माणसाला शंका येण्याचे कारणच नव्हते. मराठीत 'ऱ्या' आणि 'र्या' यांत जो फरक आहे तो हिंदीत नाही. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमध्ये आडव्या र चे ते एक घर वेगळे होते, आणि मी लावलेला फॉन्ट मूळ फॉन्टचे भावंड होते, मूळ नव्हे. बाकी जवळजवळ सगळी घरे सारखी, म्हणून मजकूर वाचता येत होता. पहिल्या पानांत तसा शब्द आला नव्हता, म्हणून ताडूनही कळले नाही. पुढे कुठेतरी दऱ्याखोऱ्यांचा उल्लेख होता, तिथे 'दर्या' आला होता. तोही माझ्या नजरेतून सुटला होता.

तेव्हा मूळ फॉन्ट कोणता, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बाजूला ठेवलेल्या 'भाषण' फाईलवर मी सहज डबल क्लिक केले. विंडोजने ती मुकाट्याने उघडली आणि वर नावही दाखवले. फाईल धडधाकट होती. दोष माझ्या प्रोग्रॅमचा होता.

झाले होते असे. विंडोजच्या नोंदीत लेखनपद्धतीचा आकडा बहुतेक एक असतो, म्हणजे युनिकोड. मी फक्त तेवढ्याच नोंदी शोधत होतो. पण चिन्हांचे फॉन्ट, म्हणजे बाण, चांदण्या, फुले यांचे, त्यांच्यासाठी हा आकडा शून्य ठेवतात. जुन्या काळी काही भारतीय फॉन्ट बनवणाऱ्यांनी आपली अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवताना तो फॉन्ट चिन्हांचा म्हणून जाहीर केला. संगणकाच्या लेखी आपली देवनागरी ही फुलापानांच्या जातीची झाली! अशा फॉन्टच्या नावांच्या नोंदीतही शून्य असतो. नाव तसेच दोन बाइटी, वाचायला काही वेगळे करावे लागत नाही. फक्त त्या नोंदीकडे पाहायचे लक्षात हवे. मी माझ्या प्रोग्रॅममधली अट एका ओळीने सैल केली आणि रिकाम्या जागी नाव उमटले. तेच पॅकेज, तेच कूळ, क्रमांक एकाने पुढचा.

नवी तालिका लावली. आचाऱ्यांची पागोटी आचाऱ्यांना परत मिळाली.

इथे कोणी विचारील, आणि माझ्या पुतण्याने विचारलेच, की चौदाही फॉन्ट एकेक लावून डोळ्यांनी का पाहिले नाही? पाहता येते, पण वर सांगितले ते याच मार्गाने घडले. भावंडांचे चेहरे सारखे असतात. आणि दोन वेगळ्या फायलींत आतले नाव एकच असेल तर यंत्र त्यांतली एकच धरते, तुम्हाला वाटते दोन्ही पाहून झाल्या. नाव, त्यातला क्रमांक आणि पाचव्या नोंदीतली आवृत्ती, एवढे कागदावर मांडल्याशिवाय निवाडा होत नाही.

नावावर आंधळा विश्वासही ठेवू नये. नाव म्हणजे बनवणाऱ्याने, किंवा नंतर हात घालणाऱ्याने, लिहिलेली अक्षरे. त्या काळी फॉन्टच्या चोरट्या प्रती काढून आतले नाव बदलण्याचा धंदा जोरात होता. आजचे मोफत मराठी फॉन्ट बहुधा मुक्त फॉन्ट परवान्याखाली येतात. त्यात मूळ कर्ता आपले नाव राखून ठेवू शकतो. मग त्या फॉन्टमध्ये फेरफार करून वाटायचा असेल तर त्याला दुसरे नाव द्यावे लागते. आमच्या खोक्यासारखी पाळी पुढच्या पिढीवर आली, तर या एका अटीने त्यांचे काम हलके होईल.

घरी कोणाकडे जुन्या पीडीएफ असतील तर त्यांतही नाव सापडते. फाईलच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी असते. नावाच्या आधी सहा कॅपिटल अक्षरे आणि अधिकचे चिन्ह दिसले तर ती सहा अक्षरे सोडून द्यावीत. फॉन्टमधली लागतील तेवढीच अक्षरे पीडीएफमध्ये भरली आहेत एवढाच त्याचा अर्थ. पुढे येते ते सहाव्या क्रमांकाचे पोस्टस्क्रिप्ट नाव. आणि फॉन्टची नुसती फाईल हाती असेल तर विंडोजवर तिच्यावर डबल क्लिक केले तरी पुरते. मी केले तेव्हा शहाणपण आले.

त्या मुलीचे पुस्तक आता छापखान्यात आहे. आपल्या खोक्यातली आणखी नऊ भाषणे याच रीतीने वाचून झाली. दोन अडली आहेत, २००१ ची एक आणि २००३ ची एक. त्यांचा मजकूर शाबूत आहे, पण फॉन्टच्या फायली खराब फ्लॉपींवर होत्या आणि नावांचा तक्ता जिथे असायचा तिथे नुसती शून्ये आहेत. ज्या ऑपरेटरने ही कामे केली तो त्याच यंत्रावर लग्नपत्रिकाही करून देत असे, असे जुने चिटणीस सांगतात. तेव्हा त्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्या घरी कार्ये झाली असतील त्यांनी कपाटे उघडून पाहावीत. पत्रिका मिळाली की अक्षराचे वळण कळेल, वळणावरून फॉन्ट ओळखता येईल. पत्रिका परत दिली जाईल. रजिस्टरात नोंद करून.